डाव्या करंगळीचा अनुस्वार

ताईचा आजार सगळ्यात आधी कागदावर दिसला. डॉक्टरच्या कागदावर नव्हे, तिने स्वतः टाइप केलेल्या कागदावर.

दिग्रसला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत तिची मराठी टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. खाली स्कूटर दुरुस्तीचं दुकान, वर एक लांबट खोली, आणि खोलीत भिंतीला लागून मांडलेले टाइपरायटर. आजूबाजूच्या खेड्यांतल्या मुली सकाळच्या एसटीनं यायच्या. कोर्टात, तहसीलमध्ये, नाहीतर एखाद्या वकिलाकडे चिकटता येईल या आशेवर शिकायच्या. मीही तिथेच शिकले. ताई माझ्याहून बरीच मोठी. त्या खोलीत मी तिची बहीण नसायचे, बाकीच्यांसारखी एक विद्यार्थिनी असायचे. शिकवताना ती आमच्या हातांवर फडकं टाकायची.

"बोटाकडे पाहाचं नाही," ती म्हणायची. "बोटाले बरोबर माहीत असते."

पुढे मी कॉम्प्युटरकडे वळले. यवतमाळला एका छोट्या ऑफिसात प्रोग्राम लिहायची नोकरी लागली. आमची गिऱ्हाइकं म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारे जिनिंगवाले. कापसाची गाडी आली, काट्यावर चढली, वजन झालं, पावती निघाली, एवढं करणारा प्रोग्राम. काट्यावरच्या माणसाला माउसचा कंटाळा. एका हातात विडी, दुसऱ्या हातानं बटणं. तेव्हा सगळं कीबोर्डवरच चालायला हवं, आणि ते काम माझ्या वाट्याला आलं. मला ते आवडायचं. बटण दाबलं की प्रोग्रामला एक निरोप येतो, बटण सोडलं की दुसरा येतो. दाबूनच धरलं तर दाबल्याचा निरोप पुन्हा पुन्हा येत राहतो. यातला कुठला निरोप घ्यायचा आणि कुठला सोडून द्यायचा, हे ठरवायचं. ताईला एकदा हे समजावून सांगितलं तर ती हसली. "म्हंजे आपलं काम एकच हाय. मी पोरीयले दाबाले शिकवते, तू त्या डब्याले ऐकाले शिकवते."

दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये प्रोग्राम बसवायला गेले होते, त्या दिवशी संध्याकाळी तिच्या खोलीवर गेले. बॅच सुटली होती. ताई खिडकीशी उभी राहून एक कागद उजेडात धरून पाहत होती.

"हे पाय," ती म्हणाली. "अनुस्वार."

मला काही दिसलं नाही. "काय झालं त्याले?"

"फिक्के हायेत सगळे."

"रिबन जुनी झाली असंन."

"रिबन जुनी असती तर सगळंच फिक्कं आलं असतं. बाकीची अक्षरं पाय कशी ठसठशीत हायेत."

मराठी टाइपरायटरवर अनुस्वार डाव्या करंगळीखाली येतो. कॉम्प्युटरच्या बटणाला तुम्ही हळू दाबा की जोरात, अक्षर सारखंच उमटतं. टाइपरायटरचं तसं नसतं. बोटात जितका जीव, तितकी शाई. तिने मला त्याच मशीनवर अनुस्वार मारायला लावला. तो काळाभोर उमटला, कागदाला बारीक भोक पडलं. मग तिने मारला. पांढऱ्यावर करडा ठिपका, असून नसल्यासारखा.

"करंगळी झोपून राह्यली माही," ती म्हणाली, आणि कागद चुरगाळून टोपलीत टाकला.

पुढच्या काही महिन्यांत करंगळीच्या शेजारचं बोट गेलं, मग चहाचा कप डाव्या हातात ठरेना. त्यानंतर जीभ जड झाली. फोनवर तिचं बोलणं ऐकताना तोंडात तंबाखू धरून बोलते आहे असं वाटायचं. भाजीबाजारात एक बाई तिच्या तोंडावर म्हणाली, "म्याडम, खर्रा खाऊन राह्यल्या का तुम्ही?" ताईनं ते मला सांगितलं तेव्हा ती हसतच होती, पण त्या बाजारात ती नंतर गेली नाही.

नागपूरला मोठ्या डॉक्टरकडे आम्ही तिघं गेलो. ताई, भाऊजी आणि मी. भाऊजी दिग्रसच्या जिनिंगमध्ये फिटर होते. रुंद हातांचा, कमी बोलणारा माणूस. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसा वाळत जातात. डोकं शाबूत राहतं, डोळे राहतात, स्पर्श कळतो. पण हात, जीभ, गिळणं आणि शेवटी श्वास, असं एकेक सुटत जातं. औषध नाही. ताईनं सगळं ऐकून घेतलं. भाऊजींनी एकच विचारलं, "जेवनाखावनाचं काही पथ्य हाय का, साहेब?" डॉक्टर म्हणाले, मऊ द्या, घाई करू नका. परतीच्या एसटीत भाऊजी वाटभर तेच घोकत होते. "मऊ द्याचं. घाई नाही कराची."

त्या वर्षांत आमच्या भागात कापसाचं काही खरं राहिलं नव्हतं. यवतमाळ जिल्ह्याचं नाव पेपरात यायचं ते एकाच बातमीसाठी, आणि ती बातमी वाचायला आता कोणी थांबत नसे. जिनिंगचा हंगाम आखडत गेला. भाऊजींना दोन पाळ्यांचं काम असायचं ते एका पाळीवर आलं. इन्स्टिट्यूटमध्ये खेड्यांतल्या मुली कमी झाल्या. एखादी मधूनच यायची बंद व्हायची. कधी तिचं लग्न उरकलेलं असायचं, कधी घरात माणूस गेलेला असायचा. नवऱ्यामागे मदत मिळावी म्हणून तहसीलमध्ये अर्ज द्यायला आलेल्या बायका, डोक्यावर पदर, सोबत दीर नाहीतर भाऊ, जिना चढून वर यायच्या. त्यांचे अर्ज ताई विद्यार्थिनींना टाइप करू द्यायची नाही. स्वतः करायची. करंगळी गेल्यावर ती अनुस्वार तर्जनीनं मारू लागली. इतक्या वर्षांची बोटांची सवय मोडून, प्रत्येक अनुस्वाराला हात उचलून. तेवढ्यासाठी वेळ लागायचा, आणि त्या बायका स्टुलावर बसून वाट पाहायच्या.

नंतर तिने वरची खोली बंद केली. मशीनांवर कव्हरं घातली. बोलणंही बंद झालं. घरात पाटी आणली होती, पण खडू बोटांत राहीना. भाऊजी तिच्या तोंडाकडे बघून ओळखायचे, चुकायचे, पुन्हा ओळखायचे.

मी ऑफिसातला एक जुना कॉम्प्युटर मागून घेतला आणि एसटीच्या टपावर टाकून, वर सतरंजी बांधून, दारव्ह्यामार्गे दिग्रसला नेला. प्रोग्राम सोपा होता. पडद्यावर एक मोठी पांढरी चौकट, तीत मोठी अक्षरं, आणि बटणांची मांडणी हुबेहूब तिच्या टाइपरायटरची. तिच्या बोटांना नवं काही शिकायला लागू नये एवढंच माझ्या मनात होतं. तिला खुर्चीत बसवलं, मनगटांखाली उशी दिली. तिने डोळे मिटले. चालत होती ती बोटं बटणांवर ठेवली. सावकाश एकेक अक्षर उमटलं.

"मला पिण्यासाठी पाणी हवे आहे. कृपया पंखा बंद करण्यात यावा."

मी आणि भाऊजी एकमेकांकडे बघत राहिलो. मग भाऊजी मोठ्यानं हसले. कित्येक महिन्यांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. "घ्या! कलेक्टर हापिसातून हुकूम आला!" ते उठले, पंखा बंद केला, तिला चमच्यानं पाणी पाजलं. तीही हसत होती, खांदे हलत होते.

पण मी निघाले तेव्हा ते दारापर्यंत आले आणि हळू आवाजात म्हणाले, "तुह्यावाल्या डब्यानं लय बरं झालं. पन ते तिचं बोलनं नाही ना. घरात दुसरीच कोनी बाई येऊन बसली असं वाटते."

त्यांचं खरं होतं. जन्मभर ताई बोलली एक भाषा आणि टाइप केली दुसरी. तिच्या बोटांनी 'मले' हा शब्द कधी उमटवलाच नव्हता. 'सेवेशी', 'उपरोक्त', 'विनंती अर्ज', हे शब्द तिच्या बोटांतून आपोआप वाहायचे. पुढच्या खेपेला मी तिला म्हटलं, "ताई, तू बोलते तसं लिही ना."

तिने लिहिलं, "मशीनवर असे लिहीत नाहीत."

पुढे काही दिवसांनी भाऊजींनी केलेली वांग्याची भाजी बिघडली. आधीच गिळायला त्रास, त्यात मीठ दोनदा पडलेलं. तिने घास बाहेर टाकला, मान कीबोर्डकडे वळवली, भाऊजींनी खुर्ची सरकवली आणि पडद्यावर आलं, "मले नको. खारट ढोस हाय. काहून चाखून नाही पाहत तुमी?"

हे मला भाऊजींनी यवतमाळला फोन करून सांगितलं. आनंदानं त्यांचा आवाज चढला होता. "शिव्या दिल्या मले! एकदम तिच्यावानी!"

त्या दिवसानंतर ताई वऱ्हाडीतच लिहू लागली. त्यात बटणंही कमी लागतात, असं तिने मला एकदा लिहून सांगितलं.

मी महिन्यातून दोनतीनदा जायचे, आणि प्रत्येक वेळी तिच्या बोटांचं काहीतरी बदललेलं असायचं. एकदा गेले तर पडद्यावर "पपपपपपाााानी" असं काहीतरी होतं. बोट बटणावर पडायचं, पण वेळेवर उचललं जायचं नाही, आणि कॉम्प्युटर आपला दाबल्याचा निरोप पुन्हा पुन्हा पाठवत राहायचा. चुकलेलं पुसायला जावं तर पुसायचं बटणही असंच अडकायचं आणि अख्खी ओळ खाऊन टाकायचं. ती चिडली होती. तिने मोठ्या कष्टानं लिहिलं, "मी बोबडी नाही."

मी तिथेच बसून प्रोग्राम बदलला. बटण दाबल्याचा पहिला निरोप घ्यायचा, आणि ते सुटल्याचा निरोप येईपर्यंत बाकीचे सोडून द्यायचे. मग तिनं कितीही वेळ बोट ठेवलं तरी एकच 'प'. तिने करून पाहिलं. बोट 'प' वर तसंच ठेवून माझ्याकडे बघितलं. पडद्यावर एकच अक्षर शांत उभं होतं.

पुढच्या वेळी हात घसरू लागला होता. हव्या त्या बटणाकडे जाताना शेजारच्या बटणांना धक्का लागायचा आणि मधेच नको ती अक्षरं यायची. मी नियम केला, की बटण थोडा वेळ दाबलेलं राहिलं तरच ते खरं धरायचं, ओझरता धक्का सोडून द्यायचा. त्यानंतर शिफ्टचा प्रश्न आला. अर्धी अक्षरं शिफ्ट धरून मारावी लागतात आणि तिला आता दोन बटणं एकदम दाबणं होईना. मग शिफ्ट एकदा दाबून सोडली तरी पुढच्या अक्षरापर्यंत धरलेलीच आहे असं समजायचं. ऑफिसात अशी कामं मी झरझर करायचे. इथे एकेक बदल करताना कळत होतं, की मी तिच्या हाताच्या मागे मागे चालले आहे. ती एक पायरी उतरली की मी प्रोग्राम एक पायरी उतरवायचा. 'थोडा वेळ दाबलेलं राहिलं तर' मधला तो थोडा वेळ मी आधी वाढवला. नंतर तिला तेवढा वेळही दाबून धरता येईना, म्हणून तो कमी करत गेले.

उन्हाळ्याच्या तोंडावर एक गोष्ट घडली. तेव्हा तिच्या उजव्या हाताची दोन बोटं चालत होती. दिवसा भाऊजी जिनिंगमध्ये, घरात ती एकटी, शेजारची बाई अधूनमधून डोकावून जायची. त्या दिवशी ताई सकाळपासून लिहायला बसली. मान वर धरून पडद्याकडे बघायचं तर मान दुखायची, आणि बघायची तिला गरजही नव्हती. तिने आयुष्यभर न बघताच टाइप केलेलं. ती डोळे मिटून लिहीत राहिली. लिहायला बसल्यावर थोड्याच वेळात लाइट गेली होती. कॉम्प्युटरखाली बॅटरीचा डबा होता, त्यावर तो चालू राहिला, पण बॅटरीची सूचना देणारी एक छोटी खिडकी पडद्यावर आपोआप उघडली. लाइट परत आली, खिडकी तशीच राहिली.

कॉम्प्युटरवर एका वेळी एकच खिडकी ऐकत असते. जी पुढे, तिलाच बटणांचे निरोप जातात. तिला त्या अक्षरांचं काही काम नसेल तर ती टाकून देते. मागच्या खिडकीला काही कळतसुद्धा नाही. ताईची पांढरी चौकट त्या छोट्या खिडकीच्या मागे होती.

भाऊजी घरी आले तेव्हा ती घामानं भिजली होती आणि चेहरा समाधानी होता. तिने डोळ्यांनी पडद्याकडे खूण केली, वाचा म्हणून. चौकटीत दोनच शब्द होते. "एक सांगाचं". त्याच्या पुढे काही नाही.

मी दुसऱ्या दिवशी पोचले. सगळं तपासलं. भाऊजी माझ्या मागे उभे होते.

"कुठं तरी असंन ना ते? डब्याच्या आत?"

"नाही, भाऊजी." मी त्यांना खिडक्यांचं समजावून सांगितलं.

त्यांनी पडद्यावरच्या त्या दोन शब्दांकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजे ती दिवसभर बोलली अन् कोनालेच ऐकू नाही गेलं?"

ताई खुर्चीत बसून आम्हा दोघांकडे बघत होती. मी तिच्याजवळ गेले. "पुन्हा लिही. मी बसते इथंच." तिने लिहिलं, "थकली. जाऊ दे." तिचे डोळे कोरडे होते. मीच स्वयंपाकघरात जाऊन रडले.

प्रोग्राम मी त्याच दिवशी बदलला. तिची चौकट कायम सगळ्यांच्या पुढे राहील आणि प्रत्येक अक्षर लगेच साठवलं जाईल असं केलं. पण त्यानंतर तिला लांबलचक असं काही लिहिताच आलं नाही. पावसाळा लागेपर्यंत ती दोन बोटंही गेली. उजव्या अंगठ्यात थोडी हालचाल उरली.

एका बटणावर सगळी भाषा बसवायची होती. पडद्यावर अक्षरांच्या ओळी मांडल्या, एक पिवळी पट्टी त्यांच्यावरून आपोआप सरकत जाईल असं केलं. हवी ती ओळ आली की दाबायचं. मग पट्टी त्या ओळीतल्या अक्षरांवरून सरकेल, हवं ते अक्षर आलं की पुन्हा दाबायचं. मी वर्णमालेच्या क्रमानं मांडलं होतं. तिला ते नको होतं. टाइपरायटरच्या ओळींप्रमाणे मांडून दिलं तेव्हा कुठं तिने डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीही तिला पट्टी आता कुठे असेल ते कळावं म्हणून मी प्रत्येक अक्षराला बारीक टिकटिक ठेवली.

अडचण बटणाची होती. कीबोर्डचं बटण तिच्या अंगठ्याला जड जाऊ लागलं. इन्स्टिट्यूटखालच्या स्कूटरच्या दुकानातले मिस्त्रीचाचा घरी आले. त्यांच्या मुलीनं ताईकडेच टायपिंग शिकून कोर्टात नोकरी धरली होती. त्यांनी ताईचा अंगठा आपल्या हातात घेऊन किती जोर आहे ते पाहिलं. मग दुकानात जाऊन स्कूटरच्या हॉर्नची दोनचार जुनी बटणं घेऊन आले, एकेक दाबून पाहिलं, त्यांतल्या एकाची स्प्रिंग काढून हलकी बसवली.

"म्याडम, हे पाहा. हे सगळ्यात नरम हाय. माशी बसली तरी दबते."

कीबोर्ड उघडून आम्ही त्या बटणाच्या दोन तारा आतल्या पट्टीवर स्पेसच्या जागी डाख देऊन जोडल्या. मिस्त्रीचाचांनी ते बटण लाकडाच्या ठोकळ्यावर बसवलं आणि ठोकळा तिच्या तळहाताच्या मापानं घासून दिला. ताईनं दाबलं. पडद्यावर पट्टी थांबली. मिस्त्रीचाचा "सुभानअल्ला" म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

असं एक अक्षर घ्यायला खूप वेळ लागायचा, म्हणून रोजच्या बोलण्यासाठी भाऊजींनी स्वतःची पद्धत काढली. ते विचारायचे, ती दाबायची. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. आणि एका रविवारी, मी तिथे असताना, त्यांनी तिच्यासमोर स्टूल ओढलं आणि एकदम म्हणाले, "त्या दिवशी तू काय लिहिलं होतं, ते मले पाह्यजे. मी इचारतो, तू सांग."

तिने एकदा दाबलं.

"घराबद्दल होतं?"

दोनदा.

"मशीनाबद्दल?"

एकदा.

"पोरीयले देऊन टाकू, जिले पाह्यजे तिले?"

एकदा.

"माह्याबद्दल होतं काही?"

एकदा.

"शिव्या होत्या का?"

तिचे खांदे हलले. मग दोनदा.

"आजारपनातलं होतं?" दोनदा. "मंग लग्नानंतरचं?" दोनदा. "त्याच्या आधीचं?"

एकदा.

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं आणि कसंनुसं हसले. मग मला म्हणाले, "तुले माहीत नसंन. मी हिच्याकडे टायपिंग शिकाले येत होतो. जिनिंगचा फिटर, मले कायले पाह्यजे टायपिंग? परीक्षेत दोनदा नापास झालो." ते परत ताईकडे वळले. आवाज खाली आला. "मी मुद्दाम नापास होत होतो, हे तुले माहीत होतं का?"

ताईनं दाबलं. एकदा.

"कधीपासून?"

याला हो-नाही चालणार नव्हतं. मी पट्टी सुरू केली. टिकटिक ऐकत आम्ही दोघं बसलो. एक अक्षर आलं. मधे तिचा अंगठा थकला, भाऊजींनी तो चोळून दिला. चहाची वेळ टळून गेली. शेवटी पडद्यावर उभं राहिलं, "पयलेपासून".

भाऊजी उठले, मोरीत गेले आणि नळ सोडून बराच वेळ तोंड धूत राहिले.

त्यानंतरही ते विचारत राहिले, मी नसताना, रोज थोडं थोडं. दिवसभराचं ते हरवलेलं लिखाण त्यांनी तिच्याकडून प्रश्नांनी काढून घेतलं. किती मिळालं आणि किती राहिलं, ते त्यांनाच ठाऊक. मला त्यांनी त्यातलं एकच सांगितलं. माझ्यामागे दिग्रसला एकटं राहू नका, वणीजवळच्या राजूरला तुमच्या भावाकडे जा, असं त्यात होतं.

ताई गेली ती हिवाळ्यात. छातीत कफ साठला होता, दवाखान्यात न्यायला ती तयार नव्हती. मी सकाळच्या गाडीनं निघाले होते. पोचले तेव्हा घरात माणसं जमली होती. तिला खाली घेतलं होतं. तिच्या रिकाम्या खुर्चीसमोर कॉम्प्युटर तसाच चालू होता. बायका त्याला हात लावायला घाबरत होत्या. पिवळी पट्टी वरून खाली सरकत होती, खालून पुन्हा वर येत होती, टिकटिक करत, कोणीतरी दाबेल म्हणून. मी माणसांतून वाट काढत गेले आणि तो बंद केला. मग तिच्याजवळ बसले. तिच्या अंगठ्यावर बटणाचा गोल वळ होता.

मशीनांतली काही त्या मुली घेऊन गेल्या, ज्यांना अजून परीक्षा द्यायची होती. एक मिस्त्रीचाचांनी ठेवलं, मुलीसाठी म्हणून, पण बरेच दिवस ते दुकानातच हवेच्या पंपाशेजारी दिसायचं. उरलेली भंगारात गेली. माझ्या ऑफिसाचंही तसंच झालं. जिनिंग बंद पडत गेल्या, प्रोग्राम घेणारं कोणी उरलं नाही, आणि मी एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायला लागले. कीबोर्डचं काम पुन्हा कधी माझ्याकडे आलं नाही. आलं असतं तर करता आलं असतं की नाही, सांगता येत नाही.

भाऊजींचं जिनिंग पुढच्या हंगामाला उघडलंच नाही. ते राजूरला जायला निघाले तेव्हा मी सामान बांधायला गेले होते. सामान फार नव्हतं. भांडी, एक पेटी, त्यांची हत्यारं. तिकडे खाणीतल्या कोळशाच्या गाड्या दुरुस्त करायच्या एका वर्कशॉपमध्ये भावानं शब्द टाकला होता. स्टँडवर आम्ही वणीकडच्या गाडीची वाट बघत उभे राहिलो. ते दर थोड्या वेळानं माझ्याकडे वळायचे, काहीतरी विचारायच्या बेतात यायचे आणि थांबायचे.

"काय, भाऊजी?"

"काही नाही. सवय लागली इचाराची. कोनी समोर असलं की वाटते, इचारावं."

"मग विचारा ना."

त्यांनी थोडा विचार केला. "जेवली का तू?"

"हो."

"घरी सगळे बरे हायेत?"

"हो."

गाडी लागली. पेटी मी खालून दिली, ती त्यांनी वर ओढून घेतली. कापसाच्या पट्टीतून कोळशाकडे जाणारी गाडी. आत धूळ होती आणि गर्दी नव्हती. ते खिडकीशी बसले आणि हात बाहेर काढून म्हणाले, "जा आता तू, ऊन लय हाय." मी हो म्हटलं, आणि गाडी वळेपर्यंत तिथेच उभी राहिले.